विलायतेतला सातारा

श्रोते हो, पूर्वी आपल्या सातारा-सांगलीकडचा माणूस काशीयात्रेला निघाला, की सारा गाव त्याला वेशीपर्यंत पोचवायला येत असे. तो सुखरूप परतला की मावंदे घालायचे, गंगेचे पाणी घरोघर वाटायचे. आता यात्रांचे पल्ले लांबले आहेत. कऱ्हाडचा, विट्याचा, इस्लामपूरचा एखादा मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी लंडनला राहते आणि वर्षा-दोन वर्षांनी आईवडिलांना, भावाबहिणीला बोलावून घेते. सुटीत पंधरा दिवस सहकुटुंब लंडन पाहून आलेली माणसे आता तालुक्याच्या गावीही भेटतात. ही आनंदाची गोष्ट आहे. माणसाने जग पाहावे आणि मुलांनाही दाखवावे.

पण परत आलेल्यांना विचारा, की काय पाहिलेत? उत्तर बहुधा ठरलेले असते. टेम्स नदी पाहिली, तिच्यावरचा उघडणारा पूल पाहिला, मोठे घड्याळ पाहिले, राजवाड्यापुढचा पहारा बदलताना पाहिला. पाहिले ते चांगलेच पाहिले. मात्र या शहराशी आपल्या जिल्ह्याचे दोनशे वर्षांचे नाते आहे, हे त्यांच्या कानावर कुणी घातलेले नसते. ते ठाऊक नसल्यामुळे आपला सातारेकर आपल्याच इतिहासाच्या दारावरून पुढे निघून जातो. म्हणून आज तुम्हांला लंडनची एक वेगळी फेरी घडवायची आहे. जाणाऱ्यांनी ती पायांनी करावी, न जाणाऱ्यांनी इथे बसून करावी.

आधी एक सोपी गोष्ट पाहू. मुलांना परदेशातल्या सनावळ्या लक्षात राहत नाहीत, कारण त्यांना टेकू नसतो. तो टेकू आपल्याकडचा द्यावा. लंडनमधले सेंट पॉलचे भव्य मंदिर आज दिसते ते १६६६ च्या मोठ्या आगीनंतर ख्रिस्तोफर रेन या शिल्पशास्त्रज्ञाने नव्याने बांधलेले आहे. ते १७१० च्या सुमारास पुरे झाले. ती आग लागली सप्टेंबरात. त्याच वर्षी ऑगस्टात शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते. म्हणजे महाराज मजल दरमजल करीत राजगडाची वाट कापत होते, तेव्हा तिकडे लंडन जळत होते. असे सांगितले, की सेंट पॉलचा घुमट आणि आग्र्याची सुटका ही दोन्ही मुलांच्या मनात एकाच खुंटीवर बसतात.

आता फेरीला निघू. पहिला मुक्काम लेडनहॉल स्ट्रीट. आज तिथे लॉइड्स या विमा-व्यवसायाची पोलादाची आणि काचेची इमारत उभी आहे. नळ, जिने, लिफ्ट, सारे इमारतीच्या बाहेरच्या अंगाला. मुले ती पाहून हसतात. याच जागी ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती. तिला ईस्ट इंडिया हाउस म्हणत. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले आणि १८६१ मध्ये ती कचेरी पाडायला सुरुवात झाली. आज तिचा दगडही तिथे दिसत नाही. पण आपल्या जिल्ह्याचा एक माणूस त्या दारात तेरा-चौदा वर्षे न्याय मागत होता. त्याचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्यातल्या देशपांडे घराण्यातले, शिवरायांचे सुरुवातीचे सोबती दादाजी नरसप्रभू यांच्या वंशातले. ते लंडनला का गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली आणि पेशव्यांच्या नजरकैदेतून सुटलेल्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. १८१९ मध्ये तह झाला. महाराज कर्तबगार निघाले. त्यांनी रस्ते केले, शहरात पाणी आणले, शाळा काढली, महाबळेश्वरच्या वस्तीला जागा दिली. त्यांचा कारभार पाहून १८३५ मध्ये कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी त्यांना प्रशस्तिपत्र आणि भेट म्हणून एक तलवार पाठवली. पण ती तलवार मुंबई सरकारने महाराजांच्या हाती पडूच दिली नाही.

असे का झाले? भांडण होते जहागिरींच्या हक्काचे. औंध, फलटण, भोर, अक्कलकोट आणि आज सांगली जिल्ह्यात असलेले जत, या जहागिरी साताऱ्याच्या छत्रपतींच्या की इंग्रजांच्या देखरेखीखाली, हा वाद होता. महाराज तहाच्या अक्षरावर बोट ठेवीत आणि ते मुंबईच्या सरकारला खपत नसे. मग आरोप उभे राहिले. महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार केला, कंपनीच्या फौजेतले शिपाई फितवले, असे ते आरोप. मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आला आणि म्हणाला, की दोष कबूल केल्याचे लिहून द्या, म्हणजे गादी राहील. महाराजांनी सही करायला नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि धाकटे भाऊ शहाजीराजे यांना गादीवर बसवले.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही सही न करण्याची गोष्ट मुलांना अवश्य सांगा. लढाईतले शौर्य सगळ्यांना दिसते. एका कागदावर खोटे लिहून दिले असते तर राज्य वाचत होते, आणि तरी लिहून दिले नाही, हे शौर्य सांगितल्याशिवाय दिसत नाही.

महाराजांची कैफियत मांडायला रंगो बापूजी वकील म्हणून १८४० च्या सुमारास लंडनला पोचले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. तो उघडला १८६९ मध्ये. त्याआधी विलायतेचा प्रवास म्हणजे एकतर आफ्रिकेला वळसा, नाहीतर सुएझला उतरून वाळवंट तुडवायचे आणि पुढे दुसरी बोट गाठायची. भाषा परकी, हवा परकी, खाणेपिणे परके. घरची माणसे साताऱ्यात. आणि काम कसले, तर ज्या कंपनीने अन्याय केला तिच्याच दारात तिच्याविरुद्ध दाद मागण्याचे.

त्या काळची रचना समजून घ्या, म्हणजे या कामाची कठीणता कळेल. कंपनीचा कारभार चोवीस संचालक पाहत. त्यांना भागधारक निवडून देत. संचालकांच्या वर इंग्लंडच्या सरकारचे नियंत्रण मंडळ होते आणि त्याही वर पार्लमेंट. सातारच्या प्रकरणी संचालकांनी कागद कुणाचे पाहायचे, तर मुंबई सरकारचे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच अहवाल हा पुरावा. गावात भाऊबंदकीचा तंटा लागला आणि प्रतिवादीच्याच वहीवरून पंचांनी निवाडा दिला, तर तुम्ही काय म्हणाल? नेमके तेच रंगो बापूजी म्हणत होते, की महाराजांवरचे आरोप उघड चौकशीत त्यांच्यासमोर सिद्ध करा.

हे म्हणणे तिथल्या काही इंग्रजांनाही पटले. गुलामगिरीविरुद्ध लढणारा नामांकित वक्ता जॉर्ज थॉम्सन भागधारकांच्या सभेत साताऱ्याच्या बाजूने बोलला. पार्लमेंटमधला जोसेफ ह्यूम महाराजांच्या बाजूने उभा राहिला. सारे इंग्रज एकसारखे नव्हते, हेही मुलांना सांगावे. पण मते मोजताना सातारा हरत गेला. १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीला वारले. १८४८ मध्ये शहाजीराजे वारले. त्यांनी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. दत्तक नाकारून राज्य गिळण्याच्या त्या धोरणाचा पहिला मोठा घास साताराच होता. १८४९ मध्ये लंडनच्या संचालकांनी त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. त्याच वर्षी लाहोरच्या तहाने दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून कोहिनूर हिरा इंग्रजांकडे गेला. टॉवर ऑफ लंडनमध्ये तो हिरा पाहायला लोकांची रांग लागते. तुम्हीही लावाल. तेव्हा मुलांना एवढे सांगा, की हा हिरा ज्या साली गेला, त्याच साली सातारच्या राज्यावर लंडनहून शेवटचा शिक्का बसला.

धनी गेले, राज्य गेले, तरी वकील परतला नाही. १८५२ मध्येही रंगो बापूजींनी नियंत्रण मंडळाच्या अध्यक्षाला उद्देशून पत्र छापले. जगभरचे प्रवासी त्या वर्षांत लंडन पाहायला येत होते. ट्रॅफल्गार चौकातला नेल्सनचा उंच खांब तेव्हाच उभा राहिला. १८३४ मध्ये जळालेले पार्लमेंट नव्याने बांधले जात होते. १८५१ मध्ये हाइड पार्कात काचेच्या महालात औद्योगिक प्रदर्शन भरले आणि साठ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. त्याच शहरात, त्याच दिवसांत, हा सातारचा माणूस अर्जामागून अर्ज लिहीत होता. आपल्याला पंधरा दिवसांत घरची आठवण येते. भाकरीवाचून जीव कासावीस होतो. त्याने ही तेरा-चौदा वर्षे कशी काढली असतील, हे लेडनहॉल स्ट्रीटवर क्षणभर उभे राहून मनात आणा.

१८५३ च्या अखेरीला ते लंडनहून निघाले. पुढे १८५७ चा उठाव झाला. साताऱ्यातही कट उघडकीस आला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहांत शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम होते. स्वतः रंगो बापूजींना पकडण्यासाठी इनाम लागले, पण ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. ज्याने एवढी वर्षे अर्ज-विनंतीने न्याय मागितला, त्याच्या घरावर शेवटी ही वेळ आली. सातारच्या चार भिंतींच्या स्मारकावर जाल तेव्हा लेडनहॉल स्ट्रीट आठवा आणि लेडनहॉल स्ट्रीटवर असाल तेव्हा चार भिंती आठवा.

दुसरा मुक्काम व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. इथे सर्वसाधारण दालनांना तिकीट नाही, हेही आपल्या माणसांना सांगण्यासारखे. याच संग्रहालयातून २०२४ च्या जुलैत वाघनखे साताऱ्यास आली आणि छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात काही महिने लोकांनी रांगा लावून ती पाहिली. ती तीन वर्षांच्या कराराने, परत करण्याच्या बोलीवर महाराष्ट्रात आणलेली होती.

ही वाघनखे लंडनला कशी गेली? त्याचा दुवा साताऱ्याचाच आहे. १८१८ नंतर साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट हा तरुण स्कॉटिश अधिकारी राहिला. पुढे त्याने डफ हे आडनाव जोडले. १८२२ मध्ये तो गेला आणि १८२६ मध्ये त्याने मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या वंशजांकडून ही वाघनखे संग्रहालयाला मिळाली. सोबतच्या पेटीवरच्या मजकुराचा आशय असा, की शिवाजीने मोगल सेनापतीला मारले ते हे शस्त्र असून पेशव्यांच्या प्रधानाने ते ग्रँट डफला दिले.

आता शिक्षकांनी इथे थांबावे आणि मुलांना विचारावे, की या मजकुरात चूक कोणती? सातारा जिल्ह्यातला चौथीचा मुलगासुद्धा हात वर करील. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी मारला तो अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला मूळ गोष्टच नीट ठाऊक नव्हती. मग त्या मजकुरावर किती भिस्त ठेवायची? संग्रहालय स्वतःही सांगते, की महाराजांनी वापरलेली वाघनखे ती हीच, याची खात्री करता आलेली नाही. आपल्याकडच्या अभ्यासकांतही यावरून वाद झाला.

यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. प्रतापगडावरचा पराक्रम एखाद्या वस्तूवर अवलंबून नाही. आपली श्रद्धा खरी असेल तर ती पुराव्याला भीत नाही. ग्रँट डफचे पुस्तक आले तेव्हा ते प्रमाण मानले गेले. पण १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्यातल्या उणिवा दाखवणारा निबंध लिहिला. साहेबाने छापले म्हणून खरे, हे त्यांनी मानले नाही आणि आमचे म्हणून खरे, असेही म्हटले नाही. मूळ कागद पाहा, असे ते म्हणाले. पुढच्या पिढीने घरोघरची दफ्तरे धुंडाळली ती याच वाटेने. काचेच्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या मुलाला हीच सवय लावायची आहे.

तिसरा मुक्काम शहराच्या उत्तरेला, किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केले. पण या घराची गोष्ट सुरू होते साताऱ्यात. प्रतापसिंह महाराजांच्या काळात १८२४ मध्ये साताऱ्यात राजवाडा उठला. पुढे त्या वाड्यात सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा दाखल झाला. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई यांची समाधीही साताऱ्यातच आहे.

सहकुटुंब सुटीचा विषय आहे म्हणून एका सुटीची गोष्ट सांगतो. ती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खणला जात होता. सुटीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. नवे कपडे शिवले, टोप्या घेतल्या, पहिल्यांदाच आगगाडीत बसायचे म्हणून आनंद मावेना. मुले मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच ते मागे सरले. गाडीवाले गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. वाटेत रात्र झाली. बरोबर शिदोरी होती, पण पाणी कुणी दिले नाही. मुले भरल्या डब्यानिशी उपाशी झोपली.

श्रोते हो, मसूर काही परदेशात नाही. ते आपल्या कऱ्हाड तालुक्यात आहे. त्या रात्री तहानलेला राहिलेला तो मुलगा पुढे लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयात शिकला, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स झाला, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला. किंग हेन्रीज रोडच्या घरासमोर छायाचित्र काढाल, ते जरूर काढा. पण मसूरची गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय काढू नका. परक्या शहराने त्याला ग्रंथ उघडून दिले आणि आपल्या वाटेवर त्याला पाणी मिळाले नाही, हे दोन्ही खरे आहे. पहिले सांगायचे आणि दुसरे झाकायचे, हा इतिहास नव्हे.

इथून चौथा मुक्काम, सेंट जेम्सचा राजवाडा. तो आतून पाहायला सहसा मिळत नाही, बाहेरूनच पाहावा. १२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनला पहिली गोलमेज परिषद सुरू झाली आणि तिच्या बैठका या वाड्यात झाल्या. हिंदुस्थानचा पुढचा कारभार कसा असावा, हा तिथला विषय. काँग्रेस त्या पहिल्या परिषदेला गेली नव्हती. संस्थानिकांच्या बाजूने आलेल्यांत सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन होते आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या वतीने आलेल्या दोघांत एक होते डॉक्टर आंबेडकर. एक सांगलीचे राजे, दुसरे सातारच्या शाळेचे विद्यार्थी. रंगो बापूजी अर्ज घेऊन दारात उभे राहिले, त्याला नव्वद वर्षे झाली होती. आता आपल्याकडची माणसे आत बसून बोलत होती, आणि त्यांत ज्याला गाडीत बसायला कुणी तयार नव्हते तोही होता.

ही झाली फेरी. वेळ उरला तर ब्रिटिश लायब्ररीही बाहेरून मुलांना दाखवा. जुन्या इंडिया ऑफिसची दफ्तरे तिथे आहेत आणि त्यांत साताऱ्याचेही कागद आहेत. अभ्यासकाला ते रीतसर पाहता येतात. तुमच्या शाळेतली एखादी हुशार मुलगी उद्या तिथे बसून ते वाचील, अशी आशा का धरू नये?

आता जे लंडनला जाणार नाहीत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्यापैकी बहुतेक जण जाणार नाहीत आणि त्यात कमीपणा नाही. या गोष्टीचा निम्मा भाग इकडेच आहे. शाळेची सहल काढा. सकाळी सातारचा राजवाडा आणि शाळा, मग गेंडामाळ आणि चार भिंती. दुसऱ्या दिवशी प्रतापगड. परत येताना मसूर. एक दिवस औंधला काढा. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात हेन्री मूर या थोर इंग्रज शिल्पकाराची माता आणि बालक ही मूर्ती आहे. विलायतेत जसा सातारा आहे, तशी थोडी विलायत आपल्या डोंगरावरही आहे.

वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा. मधोमध रेघ ओढा. एका बाजूला लंडन, दुसऱ्या बाजूला सातारा-सांगली असे लिहा. १६६६, १८१९, १८३९, १८४९, १८५७, १९००, १९३० ही साले घाला आणि दोन्ही बाजू मुलांकडून भरून घ्या. कुणाचे आईवडील विलायतेला निघाले असतील, तर हा कागद त्यांच्या पिशवीत द्या.

आणि जाल तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा: ही कुठली, इथे कशी आली, आणि हे कशावरून? घरचा देव्हारा, गावचा वीरगळ, शाळेतले जुने कपाट, यांच्यापुढेही हेच प्रश्न विचारता येतात. त्याला तिकीटही लागत नाही आणि पासपोर्टही.